ओल्या फडक्याचा पारा

आबांच्या पानमळ्यात पाऊल टाकताच ऋजुताला गार वाटलं आणि पाठोपाठ भीतीही वाटली.

खरं म्हणजे घाबरण्यासारखं तिथे काहीच दिसत नव्हतं. बाहेर धोरासर तालुक्यातली जूनअखेरची दुपार होती. राजस्थानच्या पश्चिम टोकाचा हा मुलूख म्हणजे नजर पोचेल तिथवर वाळूच्या टेकड्या, आणि ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावायची सोय नाही. आत मात्र शेवरीच्या दाट ओळी, त्यांना बिलगून वर चढलेल्या नागवेली, पायाखाली ओली माती. चारी बाजूंनी गवताच्या ताट्या उभ्या करून मळा असा बंद केला होता की वाऱ्याची झुळूकही आत यायला धजावू नये. हिरव्या उजेडात आबा उभे होते आणि लेकीकडे बघून तोंडभर हसत होते.

"चपला बाहेर काढ, बाय," ते म्हणाले. "मळ्यात आलीस तू."

तिनं चपला काढल्या. नांदोळची माणसं पानमळ्यात अनवाणीच शिरतात, मग तो मळा समुद्रकाठी असो नाहीतर वाळवंटात. आबांनी एक कोवळं पान खुडून तिच्या हातावर ठेवलं. ते बघायला ती खाली वाकली तर तिच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब पानावर पडला. मग दुसरा पडला. कपाळ पुसलं तरी पुन्हा ओलंच. वाळवंटात दोन दिवस हिंडताना तिला घाम असा दिसलाच नव्हता. तिथे तो दिसण्याआधी वाळतो, अंगावर मिठाची पुटं तेवढी राहतात. इथे तो टपटप गळत होता, आणि तिला भीती वाटली ती त्याचीच.

माणसाचं शरीर ही एक सदा पेटलेली चूल आहे. तिची धग सतत बाहेर टाकावी लागते, आणि भोवतालची हवा अंगापेक्षा गरम असली की त्यासाठी घामाखेरीज दुसरी वाट उरत नाही. घाम वाळतो तेव्हा जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पण हवेत आधीच वाफ दाटलेली असेल तर तो वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि आतली चूल आतच भडकत राहते. म्हणून ऋजुताच्या कामात साध्या पाऱ्याला फारसं कोणी विचारत नाही. भाव असतो तो ओल्या पाऱ्याला. तापमापीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घालायचा. फडकं वाळताना पारा जिथवर खाली येईल, तिथवरच माणसाला घामाच्या जोरावर गार होता येतं. कोरड्या वाळवंटात साधा पारा सेहेचाळीसवर असला तरी ओला पारा पंचविसाच्या आसपास बसतो, आणि माणूस सावलीत पाणी पीत तग धरून राहतो. ओला पारा पस्तिशीला टेकला तर मात्र तरणाताठा माणूससुद्धा सावलीत बसून, पाण्याचा तांब्या हाताशी असताना, काही तासांत मरतो. म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं त्याच्या पुष्कळ आधी जातात.

ऋजुतानं पिशवीतून तिची दुहेरी तापमापी काढली, फडकं भिजवलं आणि छोटा पंखा सुरू केला. साधा पारा बाहेरच्यापेक्षा बराच खाली होता. ओला पारा एकतिसावर जाऊन थांबला. टेकडीवर तो सव्वीस दाखवत होता.

"काय म्हणतंय तुझं यंत्र? पास ना आम्ही?" आबांनी विचारलं. ती आकडा वहीत टिपत राहिली. आबांना वाटलं, पोरगी कौतुकानं गप्प झाली.

नांदोळ हे पालघरच्या किनाऱ्यावरचं पानवेलींचं गाव. खरं तर 'होतं' म्हणायला हवं. आधी विहिरी खाऱ्या झाल्या, मग भरतीचं पाणी वाड्यांत शिरायला लागलं, आणि एका वर्षी ते शिरलं ते परत गेलंच नाही. गाव उठून महामार्गाकडेच्या पत्र्याच्या छावणीत आलं. ऋजुताची आई अजून तिथेच होती. अशा गावांना दूर कुठेतरी जमीन द्यायची म्हणून मरुवसाहत मंडळ निघालं, आणि कुठला वाळवंटी तालुका माणसं वसवायला योग्य, कुठला अयोग्य, हे ठरवायचं काम त्या मंडळात ऋजुताकडे आलं.

हे सगळं शक्य झालं ते दवपेट्यांमुळे. दवपेटीत एक करडी भुकटी असते, आणि तिच्या कणाकणाला डोळ्यांना न दिसणारी अगणित भोकं असतात. वाळवंटातली हवा कितीही कोरडी म्हटली तरी तिच्यात थोडी वाफ असतेच. रात्री ती या भोकांत अडकते आणि दिवसा ऊन लागलं की पाणी होऊन नळीतून खाली येते. टेकड्यांच्या माथ्यांवर अशा पेट्यांच्या रांगा लावायच्या, वाहत्या वाऱ्यातलं पाणी काढून घ्यायचं, आणि ते खालच्या खोलगटात सोडायचं. उघड्या वाळूवर मोजमापं घेऊन धोरासर माणसांच्या वस्तीला योग्य आहे असा निर्वाळा ऋजुतानं दिला तेव्हा तो बरोबरच होता. मग नांदोळची डझनभर कुटुंबं आबांच्या पुढारीपणाखाली चाचणीसाठी इथे आली. आता ऋजुता उरलेल्या सबंध गावाचा निकाल द्यायला आली होती. छावणीत लोकांनी भांडीकुंडी बांधून ठेवली होती.

आणि इथे येऊन आबांनी काय केलं, तर त्यांना जे येत होतं ते केलं. पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराण्याला एकच विद्या ठाऊक. नागवेल म्हणजे भारी नाजूक बाई, तिला ऊन सोसत नाही, वारा खपत नाही. तिच्यासाठी सगळ्यात खोलगट जागा निवडायची, ताट्या बांधायच्या, भोक दिसलं की पेंढ्यानं बुजवायचं, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचं. लहानपणी ऋजुताच सुट्टीत ती भोकं बुजवत फिरायची. दुसरं कुठलं गाव असतं तर त्यानं बाजरी पेरली असती, बोरी लावल्या असत्या. नांदोळकरांनी तीन टेकड्यांच्या मधली वाटी पकडली आणि वाळवंटात पानमळा उभा केला. वर्तमानपत्रांत फोटो आले, मंत्री येऊन पान खाऊन गेले. हवा कोंडण्यात आबांचा हात धरणारा माणूस साऱ्या किनारपट्टीवर नव्हता, आणि तेच आता ऋजुताच्या मानगुटीवर बसलं होतं.

संध्याकाळी घराच्या ओसरीवर तिनं विषय काढला. मेधा वहिनी भाकऱ्या थापत होती, तिची रांगायला लागलेली निर्वी आबांच्या मांडीवर चढत-उतरत होती. ऋजुताचा भाऊ जहाजावर होता, तो दिवाळीशिवाय यायचा नव्हता. ऋजुतानं शक्य तितकं सोपं करून सांगितलं. कोरड्या वाळूवर पडलेलं ऊन गरम हवा होऊन वर निघून जातं. ओल्या मळ्यावर पडलेल्या उन्हाची मात्र वाफ होते, आणि ही वाटी अशी बंद की ती वाफ इथेच साठून राहते. रोजचा वारा थोडीफार उपसून नेतो म्हणून आजवर निभावलं. पण दोन दिवसांत समुद्राकडची दमट हवा इकडे पोचणार आहे, आणि पाऊस पडण्याआधी वारा पडणार आहे. त्या दिवशी मळ्याची वाफ वाटीतून हलणार नाही.

"म्हणून करायचं काय?" आबांनी विचारलं.

"पश्चिमेच्या ताट्या काढा. आठवडाभर पाणी बंद ठेवा."

आबा हसले, मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. त्यांनी निर्वीला वहिनीकडे दिलं.

"आठवडाभर पाणी बंद म्हणजे मळा खलास, एवढं तुला कळतं ना? तू काय शहरातली नाय."

तिनं मान हलवली. ते बराच वेळ बोलत राहिले. मे महिन्यात पारा पन्नासला टेकला तेव्हा सगळी वस्ती दुपारभर मळ्यातच बसून होती, कोणाला फोडसुद्धा आला नाही, उलट पोरं तिथे गाढ झोपायची. तेव्हा हवा कोरडी होती, मळा तुम्हाला खरंच वाचवत होता, असं तिनं सांगितलं. आता तोच उलटेल. आबांना ते पटेना. जे मे महिन्यात वाचवतं ते जूनमध्ये मारतं, असं कोणी सांगितलं तर कोणाला पटेल? शेवटी ते म्हणाले, वस्तीत यंत्राचं थंडघर आहे, फारच झालं तर तिथे जाऊ. एवढं बोलून ते उठले आणि रोजच्यासारखे पाणी सोडायला गेले.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही, आणि वस्तीतल्या बायकांनी तिची थोडी थट्टाही केली. तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश पांढुरकं झालं. तो ना ढग होता ना धूळ, दोन्हींचं काहीतरी मिश्रण होतं. वारा पडला. ऋजुता मोजमापं घ्यायला टेकडीच्या माथ्यावर गेली, कारण मंडळाचं अधिकृत केंद्र तिथेच होतं. नियमच तसा होता. मोजायचं ते मोकळ्या जागी, उंचावर. तिची गाडी तालुक्याच्या गावी गेलेली, ती संध्याकाळी परतायची होती.

दुपार चढली तसा माथ्यावरचा ओला पारा तिशीवर आला. वरही काही स्वर्ग नव्हता. पण तिथे पुसटशी का होईना हवा हलत होती, आणि घाम कसाबसा वाळत होता. तिनं खाली पाहिलं. पांढऱ्या धुरकट उजेडात सौरपट्ट्या मंदावल्या होत्या. थंडघराच्या छपरावरचा हिरवा दिवा विझला होता. त्या यंत्राला हवेतलं पाणीही काढावं लागतं, आणि अशा दमट दिवशी अर्ध्या विजेवर ते बंद पडणार हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. थंडघरातून माणसं बाहेर पडत होती. लेकराबाळांना घेऊन, हातात चटया घेऊन ती सगळी मळ्याकडे चालली होती.

ऋजुता धावत सुटली. वाळूत पाय रुतत होते, ती दोनदा पडली. कोणी मेलं असेल तर, हा एकच विचार डोक्यात घणासारखा आदळत होता.

मळ्यात सगळे शांत होते. माणसं ओळींमधल्या ओल्या मातीवर पसरली होती, कोणी पेंगत होतं, कोणी नुसतं वेलींकडे टक लावून बघत होतं. साऱ्यांचे चेहरे लाल आणि चकचकीत ओले. कोणाची तक्रार म्हणून नव्हती. तिनं तापमापी काढली. साधा पारा चाळिसावर, म्हणजे माथ्यापेक्षा चार अंशांनी कमीच. ओला पारा चढत चढत चौतीस ओलांडून पुढे गेला.

"सगळ्यांनी वर चला. टेकडीवर, आत्ताच्या आत्ता," ती म्हणाली.

दोघाचौघांनी डोळे उघडले. वर? उन्हात? एका म्हाताऱ्यानं कूस बदलली. आबा मळ्याच्या तोंडाशी बसले होते, ते उठून उभे राहिले, पण उठताना त्यांचा तोल गेला आणि त्यांनी शेवरीला धरलं.

"इथे गार आहे, ऋजू. तुझ्याच पाऱ्यात बघ. पोराबाळांना उन्हात नेऊन मारतेस काय?"

समजावायला वेळ नव्हता, आणि समजावून पटलंही नसतं. इथे गार वाटतं हे खरंच होतं. त्यांची कातडी त्यांना खरं तेच सांगत होती, फक्त त्यावर विसंबून आज जगता येणार नव्हतं. ऋजुतानं आजूबाजूला पाहिलं. मेधा वहिनी कडेच्या ताटीला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि तिच्या मांडीवर निर्वी पडली होती. पोर रडत नव्हती. तिच्या कपाळाला हात लावला तर तापलेल्या तव्यासारखं लागलं.

तिनं निर्वीला उचललं आणि ती पळत सुटली.

मागून वहिनीची किंकाळी आली. मग गलका उठला, ऋजू वेडी झाली, पोर घेऊन पळाली. ऋजुतानं मागे पाहिलं नाही. वाळू भाजत होती, छातीत श्वास मावत नव्हता, पोरीचं डोकं खांद्यावर लुळं पडलं होतं, आणि आपण ही पोर घेऊन मरणाकडे चाललोय की मरणापासून दूर, हे तिला त्या घडीला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. आपण चुकलो असलो तर वहिनीला तोंड कसं दाखवायचं, असंही मनात आलं. पण पाय थांबले नाहीत.

वहिनी तिच्यामागे धावली. वहिनीला आवरायला बायका धावल्या, बायकांमागे पुरुष, आणि आई गेली म्हणून पोरं. अशी सगळी वस्ती शिव्या देत, धापा टाकत माथ्यावर आली. वहिनीनं येताक्षणी तिच्या कानाखाली लगावली आणि निर्वीला हिसकावून घेतलं. ऋजुतानं मारू दिलं. केंद्राच्या छपराखाली दवपेट्यांची टाकी होती. तिनं वहिनीच्या हातातच पोरीचे कपडे काढले, पाणी ओतलं आणि ताटलीनं वारा घालत बसली. माथ्यावरची ती एवढीशी झुळूक त्या ओल्या अंगावरून गेली. थोड्या वेळानं निर्वीनं तोंड वेंगाडलं आणि भोकाड पसरलं. तो आवाज ऐकून वहिनी मटकन खाली बसली.

एकेकाला भान यायला लागलं. कोणी ओकलं, कोणी डोकं धरून म्हणालं की खाली असताना उठावंसंच वाटत नव्हतं. लोक शिव्या द्यायचे थांबले होते. ऋजुतानं माणसं मोजायला सुरुवात केली, आणि मोजून पुरी व्हायच्या आत तिला कळून चुकलं की आबा आलेले नाहीत.

ती दोन तरुणांना घेऊन खाली गेली. मळ्यात पाण्याचा झुळझुळ आवाज येत होता. आबांनी सगळ्या नळ्या सोडल्या होत्या; सरीसरीतून पाणी वाहत होतं, वेलींच्या पानांवरून ठिबकत होतं. ते वाफ्याच्या कडेला मांडी घालून बसले होते, मान छातीवर पडलेली. लेक वेड लागल्यागत पोरांना उन्हात घेऊन गेली, ती सगळी भाजून परत येतील, तेव्हा इथे आणखी गार असावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या वेळी ते बोलत नव्हते, आणि त्यांचं अंग निर्वीपेक्षाही जास्त तापलं होतं.

तिघांनी मिळून त्यांना चटईवर घालून वर ओढलं.

जिल्ह्याच्या रुग्णालयात आबांना शुद्ध यायला बरेच दिवस लागले. जीव वाचला. पण डावा पाय ओढल्यासारखा पडायला लागला आणि बोलताना शब्द शोधावे लागू लागले. त्यांच्याशेजारच्या खाटांवरचे वस्तीतले दोघे म्हातारे वाचले नाहीत. ऋजुता दिवसभर आबांच्या उशाशी बसायची आणि त्यांचा श्वास चालू आहे की नाही ते बघायची. आता आपण वाऱ्याची दिशा बघितल्याशिवाय कुठेही झोपू शकणार नाही, असं तिला वाटायचं.

मंडळाचे सोळंकी साहेब भेटायला आले. माणूस वाईट नव्हता, फळंबिळं घेऊन आला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माथ्यावरच्या केंद्रातले सगळे आकडे मर्यादेत आहेत. वयस्कर माणसं उन्हाळ्यात दगावतात, ते सगळीकडेच होतं. वारा परत सुरू झाला आहे, मळा पुन्हा पूर्वीसारखा छान आहे, चार-दोन कुटुंबं तर परत आत राहायला गेली आहेत. आणि ऋजुतानं अयोग्य म्हटलं तरी मंडळ दुसऱ्या कोणाला पाठवेल, कारण त्या छावणीत माणसं आणखी किती दिवस ठेवायची?

"आणखी दोनशे घरं आली की वाटीत आणखी मळे होतील," ऋजुता म्हणाली. "मग वारा पडायचीही वाट बघावी लागणार नाही, साहेब."

ते म्हणाले, तसं लेखी कळवा. मग ते आबांकडे वळले आणि मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं, म्हणाले की गावकरी तुमच्याशी बोलायला थांबलेत. त्यांनी फोन लावून आबांसमोर धरला. पडद्यावर आई होती आणि तिच्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये दाटीवाटीनं सगळं नांदोळ. मंडळाचा निकाल काहीही लागो, ही माणसं आबांच्या, हरेश्वर सावेच्या शब्दावर निघाली असती.

आबांनी ओठ हलवून शब्द जुळवले. मग म्हणाले, "येऊ नका."

तिकडे मग आबांचा जुना मित्र जगदीश चुरी पुढे आला. त्यानं विचारलं, पोरीनं शिकवलं म्हणून बोलतोस काय? तिकडे लावायला वेलींच्या कांड्या आम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्यात, रोज पाणी मारतो. तूच आम्हाला मळा दाखवत होतास ना फोनवर? हिरवागार आहे. अजून उभा आहे. कालच कोणीतरी दाखवला.

"जगू," आबा म्हणाले. पुढचे शब्द त्यांना सापडेनात. ऋजुतानं त्यांचा हात धरला. "जगू, मी मरत होतो. आणि मला बरं वाटत होतं."

जगदीशनं ते ऐकलं, पण त्याच्या चेहऱ्यावरून ऋजुताला दिसलं की त्याला ते पोचलं नाही. आजारी माणूस आहे, डोक्यावर परिणाम झालाय, असंच त्याला वाटत होतं. तो म्हणाला, तू बरा हो हरी, आम्ही येतोच. समुद्राच्या पाण्यानं इथे छावणीचा रस्ता गाठलाय. सगळ्यांनी माना हलवल्या. आईनंही हलवली.

फोन बंद झाला, साहेब गेले. आबा छताकडे बघत पडून राहिले. ते रडतायत हे ऋजुताला जरा उशिरानं कळलं.

"मळा तोड," ते म्हणाले.

तिला आधी वाटलं, शब्द चुकला असेल. पण आबांनी तिचं मनगट धरलं आणि सावकाश, एकेक शब्द गोळा करत सांगितलं, "उभा राहिला तर ते येतील. तोड सगळा. मुळासकट. तू तोड, दुसऱ्याला सांगू नको."

ती दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवर आली. वारा चांगला सुटला होता, मळा खरंच सुंदर दिसत होता, इतका की क्षणभर तिला स्वतःचीच शंका आली. आपण भ्यालो आहोत म्हणून आपल्याला हे सगळं असं दिसतंय का? मे महिन्यात ह्याच मळ्यानं पोरं वाचवली होती. मग तिला वाहत्या पाण्याकाठी मान टाकून बसलेले आबा आठवले. तिनं चपला काढल्या आणि कोयता हातात घेतला.

पहिल्यांदा पश्चिमेच्या ताट्या पाडल्या. मग ओळीनं वेली. मेधा वहिनी निर्वीला पाठीशी बांधून आली आणि काही न विचारता दुसऱ्या बाजूनं तोडायला लागली. परत राहायला आलेल्या कुटुंबांनी आधी आरडाओरड केली, एकानं तिचा हात धरला. ऋजुतानं सांगितलं, आबांनी सांगितलंय. तेव्हा त्यानं हात सोडला आणि तो मान खाली घालून बाजूला जाऊन बसला. शेवरी आडव्या झाल्या, पानांचे ढीग पडले, माथ्यावरच्या पेट्यांचे नळ तिनं बंद केले. संध्याकाळपर्यंत वाटीत ऊन थेट पोचलं आणि वाऱ्यानं वाळू आत आणायला सुरुवात केली.

माथ्यावर, कोरड्यात, पिण्यापुरतं पाणी ठेवून माणसं राहू शकतील, असं ती मंडळाला कळवणार होती. नुसती राहू शकतील. पिकवू शकणार नाहीत. नांदोळची माणसं तसं राहायला येतील की नाही हे तिला माहीत नव्हतं.

तिनं आईला फोन लावला आणि सांगितलं की सगळ्यांना बोलाव, जगूकाकांनाही. मग फोन मळ्याकडे वळवला. तुटलेले खुंट, कोमेजून काळी पडत चाललेली पानं, आडव्या ताट्या, उघडी वाळू, हे सगळं तिनं सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत दाखवलं. पलीकडे कोणीतरी बाई हुंदका देऊन रडायला लागली. जगूकाका काहीतरी म्हणाले आणि उठून गेले.

"पुरे गो बाय," आई म्हणाली. "बघितलं आम्ही."

ऋजुता पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिली. आता आम्ही कुठं जायचं, असं आई विचारेल, आणि आपल्याजवळ उत्तर नाही हे तिला सांगावं लागेल, याची तिनं मनाशी तयारी केली होती. पण आईनं ते विचारलं नाही. तिच्यामागे लोक गोणपाटाची गाठोडी सोडून वेलींच्या कांड्या दाराबाहेर चढलेल्या समुद्राच्या पाण्यात टाकत होते, आणि आई मान वळवून तेच बघत होती.